तुम्हाला हे पुस्तक का आवडलं नाही? आणि असे बरेच नेहमीचे प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी बरीच वर्षं आहे. त्यामुळे ‘काय वाचू?’पासून ‘एवढ्या मोठ्या लेखकाला नावं ठेवायचा तुम्हाला काय अधिकार?’पर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. देवघेवीच्या खिडकीशी, फोनवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तेच तेच पुन्हा विचारलं जातं म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. मतं माझी आहेत, समितीची नाहीत. समितीचं माझ्याशी फारसं जमत नाही.

१. पुस्तक चांगलं की वाईट हे तुम्ही ठरवता तरी कशावरून?

पहिली चाचणी एकच: पुस्तकातली माणसं पोटासाठी काय करतात, ते लेखकाला ठाऊक आहे का? प्रेम, विरह, एकटेपणा यांवर पानंच्या पानं कुणीही भरू शकतं. मेंढरं कशी राखतात, लांडगा आला की वाडीत काय होतं, दुष्काळ पडल्यावर धनगर कधी आणि कसा गाव सोडतो, हे माहीत असल्याशिवाय लिहिता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आजही ताजी वाटते ती त्यामुळे. तिच्यात माणदेश ‘रंगवलेला’ नाही, तिथलं कामकाज आहे, आणि कामकाजातून माणसं आपोआप दिसतात. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) घ्या. कौतिकचा नवरा महादेव शिंपी. हाताला धंदा नसला की घरातला एकेक धागा कसा सुटत जातो, ते त्यांनी वऱ्हाडी बोलीत असं सांगितलं आहे की कौतिकची कीव करायलाही सवड मिळत नाही. ती सारखी काहीतरी करतच असते.

ही चाचणी सगळीकडे लागू पडत नाही. कुठे फसते ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. मला वाचायची सवयच नाही. सुरुवात कशाने करू?

पातळ पुस्तकाने. लोक उत्साहात सातशे पानांची पौराणिक कादंबरी नेतात आणि दोन आठवड्यांनी दंडासकट परत आणतात.

‘बनगरवाडी’ घ्या, किंवा विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू आणि एक मराठी तरुण. दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमाराला मराठीत हे लिहिलं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. एका सुट्टीच्या दिवसात संपते. शेवट कुणाला विचारू नका.

३. ‘मृत्युंजय’ आवडत नाही असं तुम्ही खरंच म्हणालात का?

म्हणाले. आणि त्यावरून दोन सभासद माझ्याशी बोलत नाहीत, तेव्हा नीट सांगते.

शिवाजी सावंतांच्या या कादंबरीने (१९६७) किती घरांत वाचन सुरू केलं ते मी रोज पाहते. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण यांनी आळीपाळीने बोलायचं, ही रचना पक्की आहे. माझी तक्रार अशी की सगळे एकाच आवाजात बोलतात. सारथ्याच्या घरात वाढलेला मुलगा आणि राजवाड्यात वाढलेला मुलगा यांची वाक्यं झाकून वाचली तर कोण कोणता ते सांगता येऊ नये? सारथ्याचं घर आहे म्हटल्यावर मला घोडे हवे होते, लगामाचे घट्टे पडलेले हात हवे होते. मिळतात ते सूर्य आणि उपमा. कर्णावर अन्याय झाला हे पहिल्या पन्नास पानांत कळतं, पुढे ते पुनःपुन्हा कळवलं जातं.

ज्यांना महाभारतातली माणसं हवी आहेत त्यांना मी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ (१९६७) देते. दोन्ही पुस्तकं एकाच वर्षीची, हा योगायोग मला फार आवडतो. इरावतीबाईंनी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवली, आणि कुणालाही, अगदी भीष्मालाही, सूट दिली नाही. पुस्तक पातळ आहे, पण वाचल्यावर घरातल्या थोरामोठ्यांकडे बघायची नजर बदलते. दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२) त्याच्या शेजारी ठेवा. दोघींचं एकमेकींशी पटलंच असतं असं नाही, म्हणून दोन्ही वाचावीत.

आणि ‘ययाति’? त्यातही ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापलं सांगतात, पण देवयानीचा राग तिचा स्वतःचा वाटतो. खांडेकरांचं सुभाषितप्रेम सोसवत असेल तर जरूर वाचा.

४. ऐतिहासिक कादंबरी वाचून इतिहास कळतो का?

कादंबरीकाराचं त्या काळाबद्दलचं मत कळतं. रणजित देसाईंचं ‘स्वामी’ (१९६२) वाचून थेऊरला जाणारे लोक मला माहीत आहेत. माधवराव तिथे १७७२ साली वारले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. हे दोन्ही खरं. पण रमाबाईंशी त्यांचं बोलणं झालं असेल ते देसाईंनी लिहिलं तसंच, हे कुणी सांगायचं? कादंबरी म्हणून ‘स्वामी’ मला आवडते. घरातली घुसमट आणि राज्याची घुसमट एकमेकांत छान मिसळली आहे. भाषा मात्र सदा इस्त्री केलेली. पेशवाईत कुणी शिंकत नव्हतं की काय, असं वाटायला लागतं.

त्यावर उतारा म्हणून नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ द्यावी. अठराव्या शतकातला एक मध्यम वकुबाचा, स्वतःची कातडी सांभाळणारा माणूस गोष्ट सांगतो, आणि मोठ्या घटना त्याच्या कडेने घडून जातात. पराक्रमाची सवय झालेल्या वाचकांना तो आवडत नाही. मला त्याच्यासारखी माणसं रोज भेटतात.

इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं लिखाण हवं असेल तर प्रश्न ६ बघा.

५. दलित आत्मकथनं वाचवत नाहीत. फार दुःख असतं. तुम्ही इतकी का शिफारस करता?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा ज्यांनी एकही पूर्ण वाचलेलं नाही त्यांच्याकडून येतो.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) उघडा. लेखक दया पवार आणि ज्याची गोष्ट आहे तो दगडू मारुती पवार हे समोरासमोर बसलेत. एक सांगतो, दुसरा ऐकतो. शिकून पांढरपेशा झालेल्या माणसाने स्वतःच्याच जुन्या नावाला समोर बसवायचं, ही कल्पना मराठी आत्मचरित्रात त्याआधी मी पाहिली नव्हती. गावाकडचा महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना, दोन्हीकडची माणसं त्यात हसतात, भांडतात, जुगार खेळतात, गातात. दुःखाचं प्रदर्शन मांडायची लेखकाला इच्छाच नाही, उलट स्वतःबद्दलच्या लाजिरवाण्या गोष्टी तो इतक्या सरळ सांगतो की वाचणारा अवघडतो.

माझ्या चाचणीला सर्वांत खरी उतरणारी पुस्तकंही इथेच आहेत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरतं, टोपल्या विणतं. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) कोकणातली आई बांबूची सुपं-रोवळ्या विणते, आणि लेखिका तिचं विणणं नि आपलं लिहिणं एकाच वेणीत घालते. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ छोटंसं आहे. बाईच्या नजरेने वस्ती पाहायची तर तिथून सुरुवात करा.

‘वाचवत नाही’ म्हणणाऱ्या एका काकांना मी ‘बलुतं’ जबरदस्तीने दिलं. त्यांनी ते परत आणलं तेव्हा एवढंच विचारलं, “दुसरं आहे का?”

६. प्रवासवर्णनं तुम्ही टाळता असं ऐकलं. खरं का?

‘आम्ही सकाळी आठला नाश्ता केला, बस आली, गाईड विनोदी होता’ अशी टाळते. सहलीच्या कंपनीबरोबर जाऊन आलेल्यांची स्वखर्चाने छापलेली पुस्तकं समितीकडे भेट म्हणून येतात. त्यांचं एक कपाट भरलं आहे.

पण मराठीतलं माझं सर्वांत लाडकं पुस्तक प्रवासवर्णनच आहे. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले ते क्रांती बघायला नव्हे. घरावर कर्ज होतं, आणि उत्तरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल असं कानावर आलं होतं. निघाले भिक्षुकीला आणि सापडले बंडात. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजी शहरातच होते. लपले, लुटले गेले, उपाशी राहिले. त्या धामधुमीतही गाठीला किती रुपये उरले याचा हिशोब सुटत नाही, आणि गंगेची कावड घरी न्यायचं मनातून जात नाही.

राणी लक्ष्मीबाईंबद्दल शेकडो पुस्तकं निघाली, पण त्यांच्या शहरातल्या घरांची, बाजाराची आणि पाण्याची अवस्था मला भटजींनीच दाखवली. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक संस्कार करून छापलं. जमल्यास नंतरची, मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती मिळवा. भटजींचा आवाज तिथे मोकळा आहे.

पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) वेगळ्या कारणासाठी वाचावी. ते परदेशाबद्दल कमी आणि परदेशात गेलेल्या मराठी माणसाबद्दल जास्त आहे. मीना प्रभूंच्या पुस्तकांचे आमच्याकडे चाहते खूप आहेत. मीच तेवढी त्यांच्यात नाही, माझा दम तितका टिकत नाही.

७. काकू, विनोदी काहीतरी सुचवा ना. पु. ल. सोडून!

‘पु. ल. सोडून’ म्हणणाऱ्यांनी ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) छापील वाचलेली नसते, ऐकलेली असते. शेवटचं चिंतनाचं प्रकरण शांतपणे वाचा, मग बोलू.

बाकी चिं. वि. जोशी. बडोद्याला राहून पालीचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी उभी केली. चिमणराव स्वतःची फजिती पूर्ण गांभीर्याने सांगतो, आणि आपण हास्यास्पद आहोत याचा त्याला शेवटपर्यंत पत्ता नसतो. हल्लीच्या बऱ्याच विनोदी लेखनात लेखक वाक्याआधीच स्वतः हसून घेतो.

आणि एक नाव कुणाला विनोदी म्हणून सुचत नाही: लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) मध्ये वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं न सांगता निघून जाणं, मग त्याचं ख्रिस्ती होणं, एवढं सगळं कोसळतं. तरी बाई अशा ठसक्यात सांगतात की हसता हसता ठसका लागतो. मोठेपणी लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईंचं हे गद्य आहे. आत्मचरित्रांत मी याला पहिलं स्थान देते. सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) त्याखालोखाल, पण ते रागाचं पुस्तक आहे, आणि राग सतत चालू असला की मी अधूनमधून खिडकीबाहेर बघते.

८. कविता कळत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. कळण्याची घाई होते आहे.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यात तेंडुलकरांसारखा माणूस ‘मला हे शब्द माहीत नव्हते’ असं सरळ कबूल करतो. त्यामुळे तुम्ही चांगल्या सोबतीत आहात.

बहिणाबाईंपासून सुरुवात करा. जातं, चूल, पेरणी, मळणी. काम चालू असताना रचलेल्या ओव्या आहेत त्या, त्यामुळे लय हातातून येते. मग नारायण सुर्वे, ज्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मोठ्याने वाचा. मर्ढेकर त्यानंतर. ‘काही कविता’वर (१९४७) अश्लीलतेचा खटला झाला होता. आज वाचताना त्यात अश्लील काय ते शोधावं लागतं, आणि ते शोधत बसलं तर कविता हातची जाते.

९. मग भयकथा, रहस्यकथा, गूढकथा? तिथे तुमची ‘पोटापाण्याची’ चाचणी काय कामाची?

काही कामाची नाही, आणि हे मला बरेच जण विजयी चेहऱ्याने सांगतात.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांचं पगारपत्रक मी मागत नाही. तिथे एकच बघायचं, पान उलटतं की नाही. नारायण धारपांची भीती मला आवडते ती साध्या घरात, रविवारच्या दुपारी सुरू होते म्हणून. रत्नाकर मतकरींच्या कथांत भूत क्वचित घाबरवतं, शेजारी जास्त घाबरवतो.

जी. ए. कुलकर्णी हे खरं अवघड प्रकरण. धारवाडला राहून, सभा-संमेलनं टाळून लिहिणारा माणूस. ‘काजळमाया’ला (१९७२) साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांनी परत केला. त्यांच्या दृष्टांतकथांमध्ये नगरं आहेत, प्रवासी आहेत, जादूगार आहेत, आणि कुणाचं घर कशावर चालतं याचा पत्ता नाही. माझ्या चाचणीने त्या नापास व्हायला हव्यात. होत नाहीत. ‘निळा सावळा’तल्या सुरुवातीच्या कथांमधली गरीब घरं त्यांनी इतक्या जवळून पाहिली होती की पुढच्या रूपकांखालीही तीच जमीन लागते, असं माझं मत आहे. यावर समितीत कडाक्याचा वाद झाला आहे आणि पुन्हा होईल.

१०. मराठीत विज्ञानकथा आहेत का?

आहेत, आणि त्यांची एक मजेदार सुरुवातही आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं. त्यांच्या कथांतलं विज्ञान चोख, माणसं जरा सपाट. पण संशोधक कसा काम करतो ते त्यांना आतून माहीत होतं, तिथे ते माझ्या चाचणीत पैकीच्या पैकी.

मोठ्यांसाठी नंदा खरे यांची ‘उद्या’ वाचा. पाळतीखालच्या, अगदी उंबऱ्यावर आलेल्या भविष्याची कादंबरी. साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, त्यांनी नम्रपणे नाकारला.

११. ‘कोसला’ पन्नास पानांत सोडली. मी मठ्ठ आहे का?

पांडुरंग सांगवीकर कॉलेजात काय दिवे लावतो ते वाचून पालक चिडतात आणि मुलं खूश होतात, हे १९६३ पासून चालू आहे. चाळिशीनंतर पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो लाडावलेला वाटू शकतो. मला वाटतो. तरीही बहीण मनीच्या मृत्यूची पानं येतात तिथपर्यंत चला. भालचंद्र नेमाड्यांनी त्या पानांवर जे केलं ते तोपर्यंतच्या मराठी कादंबरीला जमलेलं नव्हतं. त्यापुढे सोडलीत तर माझी हरकत नाही.

‘हिंदू’ (२०१०) मात्र सोडायची असेल तर खुशाल सोडा. उपशीर्षकातच अडगळ आहे, म्हणजे लेखकाने फसवलेलं नाही.

१२. अनुवाद वाचणं म्हणजे दुय्यम माल ना?

राम पटवर्धनांचं ‘पाडस’ (मूळ ‘द इयरलिंग’) वाचलेला माणूस हे विचारणार नाही. फ्लोरिडातल्या जंगलातलं शेतकरी कुटुंब इतक्या सहज मराठी बोलतं की मूळ पुस्तकाची आठवणच राहत नाही. शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ (मूळ ‘लिटल विमेन’) तशीच. उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे कन्नड कादंबरीकार भैरप्पा आमच्याकडे मराठी लेखकांच्या कपाटात मागितले जातात. उलट पुलंचं ‘एका कोळियाने’ मला जमलेलं वाटत नाही. हेमिंग्वेचा समुद्रावरचा म्हातारा अधूनमधून गिरगावात येतो.

खराब अनुवाद दोन पानांत ओळखता येतो: मोठ्याने वाचा, जीभ अडखळली की बंद करा.

१३. नाटक वाचायचं असतं की बघायचं?

दोन्ही. गावात प्रयोग होत नसेल तर वाचायचंच. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) कादंबरीसारखं वाचता येतं. विदर्भातला पडका वाडा, वडिलांचं दिवसपाणी, दारात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टर बघूनच मी त्या नाटकाच्या प्रेमात पडले. कारण प्रश्न १.

१४. अमेरिकेतल्या नातवाला कोणतं पुस्तक पाठवू? ‘श्यामची आई’ चालेल?

पाठवायला हरकत नाही, पण आजीने सोबत बसून वाचून दाखवायची असेल तर. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातलं कोकणातलं घर, कर्ज, सावकार हे सगळं मोठ्यांनी पुन्हा वाचावं असं आहे. मुलांवर ‘बघ, श्याम कसा होता’ म्हणून लादलं की ती त्याच्यावर कायमचा डूख धरतात.

नातू वाचू शकत असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि ‘ट्टॉक्’. वाचता येत नसेल तर फोनवरून रोज एक प्रकरण वाचून दाखवा. वेळेचा घोळ होईल, तो तुम्ही बघा.

१५. यशस्वी व्हायची, सकारात्मक विचारांची पुस्तकं तुम्ही का घेत नाही?

घेतो. समितीत माझं एकच मत आहे.

१६. तुम्ही सांगता ती निम्मी पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. कुठे शोधू?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या दुकानांत विचारा, आणि लेखकाच्या नावाबरोबर प्रकाशनाचं नावही सांगा, शोधणाऱ्याचं काम अर्धं होतं. मग जुनी ग्रंथालयं: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, मुंबईचं १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. अशा ठिकाणी संदर्भ विभागात बसून वाचायची सोय आहे का ते आधी विचारून घ्या. साताऱ्याकडे जाणं झालं तर भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात आणि तिथे बसून वाचता येतात.

माझी स्वतःची प्रत मागू नका. ‘धग’ कुणाकडे गेली आहे ते मला माहीत आहे.